संगीताची सीडी हमखास वाजावी म्हणून

गणेशोत्सवात आरतीची वेळ होते, भाड्याने घेतलेल्या सभागृहातील यंत्रात सीडी सरकवली जाते आणि यंत्राच्या पट्टीवर 'तबकडी नाही' अशी सूचना उमटते. तीच सीडी आदल्या रात्री घरच्या संगणकावर सुरेल वाजलेली असते. परदेशातील मराठी मंडळांच्या कार्यकर्त्यांना हा प्रसंग अनोळखी नाही. अशा वेळी दोष यंत्राला दिला जातो किंवा कोऱ्या तबकडीच्या दर्जाला. प्रत्यक्षात चूक बहुधा सीडी तयार करतानाच झालेली असते. संगणकाने सीडी स्वीकारली म्हणजे ती कोणत्याही यंत्रात वाजेल, हा समज त्या चुकीच्या मुळाशी असतो.

इंटरनेटवरून गाणी ऐकण्याच्या काळातही सीडी पूर्णपणे हद्दपार झालेली नाही. जुन्या मोटारींत, सार्वजनिक सभागृहांत आणि मुख्य म्हणजे वडीलधाऱ्यांच्या घरांत ती टिकून आहे. दूरदेशी राहणारी मुले आईवडिलांना टॅब्लेट पाठवतात. पण दोन बटणे दाबून सुरू होणारा सीडी प्लेअर त्यांना अधिक आपला वाटतो. शिवाय आजोबांचे कीर्तन, आजीच्या ओव्या, गावच्या उत्सवातले भजन असे जे ध्वनिमुद्रण केवळ एकाच कुटुंबाजवळ आहे, ते कोणत्याही संगीतसेवेवर मिळत नाही. ते ऐकवायचे आणि जपायचे काम त्या कुटुंबालाच करावे लागते.

एका नावाच्या दोन तबकड्या

दैनंदिन बोलण्यात 'गाण्यांची सीडी' या एकाच नावाने दोन भिन्न वस्तू ओळखल्या जातात. पहिली ऑडिओ सीडी. फिलिप्स आणि सोनी या कंपन्यांनी १९८० मध्ये ठरवलेल्या आणि 'रेड बुक' या नावाने परिचित असलेल्या मानकानुसार ती तयार होते. १९८२ मध्ये अशा सीडी बाजारात आल्या. तीत फाइल नसतात. आवाजाच्या सलग नोंदी असतात. प्रत्येक सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटांचा आणि डावा व उजवा असे दोन मार्ग, हे प्रमाण ठरलेले आहे. अशा सीडीवर जास्तीत जास्त ९९ गाणी बसतात आणि सर्वत्र मिळणाऱ्या कोऱ्या तबकडीवर एकूण ८० मिनिटांचे संगीत मावते.

दुसरी डेटा सीडी. तिच्यावर एमपी३ किंवा अन्य प्रकारच्या फाइल असतात आणि त्या वाजवण्यासाठी यंत्राला फोल्डर वाचता यावे लागतात, फाइल उलगडता याव्या लागतात. १९९० च्या दशकातील बहुसंख्य सीडी प्लेअरना हे जमत नाही. सभागृहातील जुने यंत्र 'तबकडी नाही' असे सांगते, तेव्हा पुष्कळदा त्याच्यात एमपी३ फाइलची डेटा सीडी घातलेली असते.

म्हणून पहिला प्रश्न गाण्यांविषयी नसून यंत्राविषयी असावा. ज्या यंत्रावर सीडी वाजणार आहे, त्याच्या दर्शनी भागावर किंवा माहितीपुस्तिकेत एमपी३चा उल्लेख आहे का, हे पाहावे. उल्लेख नसेल किंवा यंत्र पाहण्याची सोयच नसेल, तर ऑडिओ सीडी करावी. मंडळाच्या कार्यक्रमासाठी तर दुसरा पर्याय मनातही आणू नये.

गीतरामायणाचा हिशेब

दोन प्रकारांतील फरक एका परिचित उदाहरणाने स्पष्ट होतो. ग. दि. माडगूळकर यांनी लिहिलेले आणि सुधीर फडके यांनी स्वरबद्ध केलेले गीतरामायण १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून प्रसारित झाले. त्यात ५६ गीते आहेत. विकत घेतलेल्या संचातून ती सर्व गीते आईवडिलांच्या गाडीसाठी एकत्र करायची आहेत, असे समजू. हिशेबाच्या सोयीसाठी प्रत्येक गीत सरासरी ६ मिनिटांचे धरले, तर एकूण कालावधी ३३६ मिनिटे होतो. ऑडिओ सीडी करायच्या झाल्यास पाच तबकड्या लागतील.

डेटा सीडीवर सुमारे ७३७ दशलक्ष बाइट मावतात. एमपी३ फाइल सेकंदाला १९२ किलोबिट या दराने तयार केली, तर एका मिनिटाला सुमारे १.४४ मेगाबाइट जागा लागते. म्हणजे ५६ गीते ४८४ मेगाबाइटमध्ये बसतात. २५६ किलोबिटचा दर ठेवल्यास ६४५ मेगाबाइट लागतात, तेही एका तबकडीवर मावतात. ३२० किलोबिटचा आग्रह धरल्यास मात्र आकडा ८०६ मेगाबाइटवर जातो आणि दुसरी तबकडी घ्यावी लागते. गाडीत, रस्त्याच्या आवाजात, २५६ आणि ३२० यांतील फरक बहुतेकांना जाणवणार नाही. तबकडी अगदी काठापर्यंत भरण्यापेक्षा थोडी जागा मोकळी सोडणे हिताचे असते. सीडी आतून बाहेर लिहिली जाते आणि वाचनाच्या चुका बाहेरच्या कडेजवळ अधिक आढळतात.

क्रम बिघडला की कथा बिघडते

गीतरामायणात क्रमाला अर्थ आहे. फाइलना केवळ १, २, ३ असे अंक दिले, तर अनेक यंत्रे त्या अक्षरक्रमाने लावतात. मग १ नंतर १०, ११, १२ येतात आणि २ हा अंक १९ नंतर उगवतो. रामजन्माआधीच वनवास सुरू व्हायला एवढे कारण पुरते. यावरचा उपाय सोपा आहे. अंक दोन आकडी असावेत: ०१, ०२, ०३ आणि अखेरीस ५६. फाइलची संख्या शंभरावर जाणार असेल, तर तीन आकडी अंक घ्यावेत. फाइलच्या नावात हे अंक देवनागरी वळणाचे न ठेवता इंग्रजी वळणाचे ठेवावेत, कारण जुनी यंत्रे देवनागरी अंकांना अंक म्हणून ओळखत नाहीत.

हीच गाणी पुढे पेन ड्राइव्हवर घालायची असतील, तर आणखी एक काळजी घ्यावी लागते. सीडीवरील फाइलव्यवस्थेत नावे वर्णक्रमाने नोंदवण्याचा नियमच आहे. पेन ड्राइव्हवर तसा नियम नसल्याने काही गाड्यांतील यंत्रे ज्या क्रमाने फाइल उतरवल्या गेल्या त्याच क्रमाने त्या वाजवतात. तेथे रिकाम्या ड्राइव्हवर एकेक फाइल क्रमाने उतरवणे हाच खात्रीचा मार्ग ठरतो.

फोल्डरांच्या बाबतीत साधेपणा बरा. एका फोल्डरात दुसरे, त्यात तिसरे अशी उतरंड रचली, तर काही यंत्रे खालचे थर वाचतच नाहीत. फोल्डर आणि फाइल यांच्या संख्येवरही प्रत्येक यंत्राची वेगळी मर्यादा असते. ती माहितीपुस्तिकेत दिलेली असते. एकाच पातळीवर मोजके फोल्डर ठेवणे सर्वांत निर्धोक.

देवनागरी नावांची अडचण

गाण्याचे नाव देवनागरीत लिहावे, अशी मराठी मनाची स्वाभाविक इच्छा असते. संगणकावर ती नावे नीट दिसतातही. गाडीतल्या यंत्रावर मात्र त्यांच्या जागी रिकामे चौकोन किंवा प्रश्नचिन्हे दिसू लागतात. सीडीच्या मूळ फाइलव्यवस्थेच्या, म्हणजे आयएसओ ९६६० च्या सर्वांत काटेकोर पातळीवर फाइलच्या नावात रोमन मोठी अक्षरे, अंक आणि अधोरेखा एवढ्यांनाच परवानगी आहे. नाव आठ अक्षरांचे आणि त्यापुढचा प्रत्यय तीन अक्षरांचा. नंतर आलेल्या जोलिएट या पुरवणी व्यवस्थेत युनिकोडमधील ६४ चिन्हांपर्यंत नाव ठेवता येते. परंतु तबकडीवर देवनागरी नोंदले गेले, तरी यंत्रात देवनागरीचा टंक नसेल तर ते दिसणार कसे?

एमपी३ फाइलच्या आत गाण्याचे नाव, गायक, संग्रह अशी माहिती ठेवणारी पट्टी असते. तिला आयडी३ म्हणतात. तिच्या पहिल्या आवृत्तीत शीर्षकासाठी अवघे ३० बाइट आहेत. युनिकोडच्या प्रचलित यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते आणि काना-मात्राही स्वतंत्र चिन्हे असतात. म्हणजे जेमतेम दहा चिन्हे मावली असती; शिवाय ती कोणत्या लिपीतील आहेत हे सांगण्याची सोयही त्या आवृत्तीत नाही. आयडी३च्या दुसऱ्या पिढीत, विशेषतः २.३ या आवृत्तीत, युनिकोड चालते आणि ती बहुतेक यंत्रांना वाचता येते. ऑडिओ सीडीवर नावे दाखवणाऱ्या सीडी-टेक्स्ट या सोयीत देवनागरीला स्थानच नाही.

व्यवहारात दोन प्रती करणे श्रेयस्कर. वाजवण्याच्या तबकडीवर रोमन लिपीतील छोटी नावे असावीत. जतन करण्याच्या प्रतीत देवनागरीतील पूर्ण शीर्षक, गायक, स्थळ, तारीख अशी सविस्तर माहिती असावी.

फाइलच्या अंतरंगातील अडथळे

फाइलचे नाव एमपी३ असले म्हणजे फाइल एमपी३ होत नाही. फोनवर केलेले ध्वनिमुद्रण बहुधा एम४ए प्रकारचे असते. त्याच्या नावातील शेवटची अक्षरे बदलली, तर संगणक फसत नाही, जुने यंत्र मात्र अडते. अशा फाइलचे योग्य साधनाने रूपांतर करावे लागते. मात्र एका संक्षिप्त प्रकारातून दुसऱ्या संक्षिप्त प्रकारात जाताना प्रत्येक वेळी आवाजाची थोडी हानी होते. म्हणून शक्य तेथे मूळ ऑडिओ सीडीपासून किंवा असंक्षिप्त फाइलपासून सुरुवात करावी.

एमपी३ तयार करताना बिटांचा दर स्थिर ठेवता येतो किंवा गाण्याच्या गरजेप्रमाणे बदलता ठेवता येतो. बदलत्या दराने जागा वाचते. पण काही जुनी यंत्रे अशा गाण्याची लांबी चुकीची दाखवतात किंवा पुढे-मागे जाताना अडखळतात. वाजण्याची खात्री महत्त्वाची असेल, तर १९२ किंवा २५६ किलोबिटचा स्थिर दर आणि ४४.१ किलोहर्ट्झ हा नमुना-वेग ठेवावा. चित्रफितींतून घेतलेला आवाज सहसा ४८ किलोहर्ट्झचा असतो, तो ४४.१ वर आणावा.

फाइलमध्ये गुंफलेले मुखपृष्ठाचे चित्र हाही छुपा अडथळा असतो. आयडी३ची दुसरी पिढी फाइलच्या आरंभी बसते. तेथे काही मेगाबाइटचे छायाचित्र असेल, तर जुने यंत्र ते ओलांडण्यात वेळ घालवते किंवा गाणेच सोडून देते. वाजवण्याच्या प्रतीतून चित्रे काढून टाकणे उत्तम.

वेगवेगळ्या ठिकाणांहून गोळा केलेल्या गाण्यांचा आवाज कमी-जास्त असतो. एका आरतीसाठी आवाज वाढवला की पुढची कानावर आदळते. सर्व गाण्यांची पातळी आधीच सारखी करावी. तसे करताना कोणत्याही गाण्याचा सर्वोच्च बिंदू मर्यादेबाहेर जाऊन फाटणार नाही, याकडे लक्ष ठेवावे.

अखंड मैफल आणि मधली फट

ख्यालगायनाची मैफल, कीर्तन किंवा नाटकाचा प्रवेश सलग असतो. ऐकणाऱ्याच्या सोयीसाठी त्याचे भाग पाडले, तर विलंबितातून द्रुतात जाताना मध्येच क्षणभर शांतता पडू शकते. एमपी३ची बांधणी ११५२ नमुन्यांच्या तुकड्यांत होते. असा एक तुकडा सुमारे २६ मिलिसेकंदांचा असतो. फाइलच्या आरंभी आणि अखेरीस रिकामे नमुने भरले जातात. आधुनिक साधने त्यांची दखल घेऊन ते गाळतात, जुनी यंत्रे घेत नाहीत. त्यामुळे एमपी३ सीडीवर सलग मैफल एकाच फाइलमध्ये ठेवणे योग्य.

ऑडिओ सीडीवर ही अडचण सोडवता येते. सीडीवरील एक सेकंद ७५ समान भागांत विभागलेला असतो आणि प्रत्येक भागात ५८८ नमुने असतात. कापणी या भागांच्या सीमेवर केली आणि दोन गाण्यांमधील अंतर शून्य ठेवले, तर सूर तुटत नाही. त्यासाठी संपूर्ण तबकडी एका दमात लिहिणारी 'डिस्क ॲट वन्स' ही पद्धत निवडावी. एकेक गाणे स्वतंत्रपणे लिहिणाऱ्या 'ट्रॅक ॲट वन्स' पद्धतीत लेसर मध्ये थांबतो आणि दोन गाण्यांत साधारण दोन सेकंदांची फट राहते.

कोरी तबकडी आणि लिहिण्याची रीत

एकदाच लिहिता येणारी सीडी-आर आणि पुन्हा पुन्हा लिहिता येणारी सीडी-आरडब्ल्यू यांत वाजवण्यासाठी नेहमी पहिली निवडावी. कारखान्यात छापलेली सीडी आणि सीडी-आर लेसरचा सुमारे ७० टक्के प्रकाश परत पाठवतात. सीडी-आरडब्ल्यूमध्ये हे प्रमाण १५ ते २५ टक्क्यांवर येते. जुन्या यंत्राला एवढा मंद प्रकाश टिपता येत नाही. काही कोऱ्या तबकड्यांवर 'म्युझिक' असे छापलेले असते. त्या घरगुती सीडी रेकॉर्डरसाठी असतात. संगणकावर लिहिताना त्यांची गरज नसते आणि त्यांनी आवाजात सुधारणाही होत नाही.

लिहिण्याचा वेग फार वाढवू नये आणि अगदी किमानही ठेवू नये. ५२ पट वेगासाठी बनवलेल्या आजच्या तबकड्यांना १६ ते २४ पट वेग सहसा मानवतो. लिहून झाल्यावर तबकडी 'फायनलाइझ', म्हणजे बंद करावी. पुढे आणखी गाणी घालता यावीत म्हणून ती उघडी ठेवली, तर संगणक ती वाचतो, पण घरातील किंवा गाडीतील यंत्राला ती कोरीच वाटू शकते. टप्प्याटप्प्याने लिहिलेल्या तबकडीचा केवळ पहिला टप्पा वाचणारी यंत्रेही पुष्कळ आहेत.

तपासणी कोठे आणि कशी

डेटा सीडी लिहिल्यावर संगणकाला पडताळणी करू द्यावी. मूळ फाइल आणि तबकडीवरील फाइल बाइटगणिक जुळतात की नाही, हे त्यातून कळते. डेटा सीडीच्या प्रत्येक भागात चूकदुरुस्तीचा एक जादा थर असतो. ऑडिओ सीडीत तो नसतो. तेथे दुरुस्त न झालेली चूक यंत्र आजूबाजूच्या नमुन्यांवरून अंदाजाने भरून काढते किंवा तेवढा क्षण गप्प राहते. त्यामुळे ऑडिओ सीडीची खरी परीक्षा कानांनीच घ्यावी लागते. पहिले गाणे, मधले एखादे आणि शेवटचे गाणे पूर्ण ऐकावे. शेवटचे विशेष लक्षपूर्वक, कारण ते बाहेरच्या कडेजवळ असते.

ही परीक्षा ज्या यंत्रावर कार्यक्रम होणार आहे त्यावर घ्यावी. ते शक्य नसल्यास उपलब्ध यंत्रांपैकी सर्वांत जुन्या यंत्रावर घ्यावी. कार्यक्रमासाठी दोन तबकड्या कराव्यात, शक्यतो निरनिराळ्या कंपन्यांच्या, आणि त्या दोन वेगवेगळ्या व्यक्तींजवळ ठेवाव्यात.

लेबल, ऊन आणि हात

सीडीचा नाजूक भाग खालची चकचकीत बाजू असते, असे मानले जाते. प्रत्यक्षात नोंदी असलेला थर वरच्या, लेबलच्या बाजूला असतो आणि त्यावर लाखेचे पातळ आवरण तेवढे असते. खालच्या बाजूला मात्र सुमारे १.२ मिलिमीटर जाडीच्या पॉलिकार्बोनेटचे संरक्षण असते. म्हणून वरच्या बाजूवर बॉलपेनने लिहिणे घातक. पाण्याच्या शाईचे मऊ टोकाचे पेन वापरावे आणि शक्यतो मधल्या पारदर्शक कड्यावर लिहावे. चिकटणारी कागदी लेबले लावू नयेत. त्यांनी तबकडीचा तोल बिघडतो आणि गाडीच्या यंत्रात उष्णतेने सुटून ती आत अडकू शकतात. तबकडी पुसताना मऊ कापडाने मधून कडेकडे सरळ रेषेत पुसावे; गोलाकार पुसू नये.

सीडी-आरच्या नोंदी रंगद्रव्याच्या थरात असतात आणि ऊन व उष्णता हे त्या रंगद्रव्याचे शत्रू आहेत. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक आणि तंत्रज्ञान संस्थेने २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेत दीर्घकाळ साठवणीसाठी ४ ते २० अंश सेल्सिअस तापमान आणि २० ते ५० टक्के सापेक्ष आर्द्रता सुचवली आहे. आखाती देशांतील उन्हाळ्यात बंद उभ्या असलेल्या गाडीचे तापमान या मर्यादेच्या कितीतरी पुढे जाते. कोकणातील पावसाळ्याची आर्द्रताही तशीच. गाडीत नेहमी प्रत ठेवावी, मूळ तबकडी कधीही नाही.

प्रत करण्याचा हक्क

विकत घेतलेल्या संगीताची स्वतःसाठी प्रत करण्याबाबत प्रत्येक देशाचा कायदा निराळा आहे. ब्रिटनमध्ये ऑक्टोबर २०१४ मध्ये अशी मुभा देण्यात आली आणि जुलै २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली. मंडळाच्या कार्यक्रमात जाहीरपणे गाणी वाजवणे ही तर खासगी वापरापेक्षा वेगळी बाब आहे. त्यासाठी लागणारा परवाना सभागृहाकडे आहे का, हे आधी विचारून घ्यावे.

वाजवण्याची प्रत आणि जपण्याची प्रत

वरील सर्व खबरदारी घेऊन केलेली सीडी वाजेल. ती कायम टिकेल असे मात्र नाही. ध्वनिफितीवरचा आजोबांचा आवाज एकदाच एमपी३ करून सीडीवर घातला आणि फीत टाकून दिली, तर काही वर्षांनी कुटुंबाजवळ काहीच उरणार नाही, अशी शक्यता असते. ध्वनिसंग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार जुन्या ध्वनिमुद्रणाचे अंकीकरण किमान ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिट या प्रमाणात व्हावे. शक्य असल्यास ९६ किलोहर्ट्झ ठेवावे. अशी मूळ प्रत वेव्ह किंवा फ्लॅक या प्रकारात राखावी. फ्लॅकमध्ये आवाजाची काहीही हानी न होता जागा वाचते आणि आतला आवाज अबाधित आहे की नाही, हे तपासणारा अंकही फाइलमध्येच नोंदलेला असतो.

मूळ प्रत दोन निरनिराळ्या माध्यमांवर आणि किमान दोन ठिकाणी असावी. परदेशस्थ कुटुंबांना हे सोपे जाते: एक हार्ड डिस्क येथे, दुसरी पुण्याला किंवा नाशिकला भावंडांकडे. वर्षातून एकदा, दिवाळीच्या साफसफाईत, दोन्हींवरील फाइल उघडून पाहाव्यात. खराब झालेली प्रत त्याच वेळी चांगल्या प्रतीवरून नव्याने करून घ्यावी. ध्वनिफीत वाजण्याच्या स्थितीत असेल तोवर तीही जपून ठेवावी, कारण उद्या अधिक चांगले यंत्र मिळाल्यास तिच्यातून आणखी काही ऐकू येण्याची शक्यता उरते.

एवढी तयारी झाली, की गाडीतल्या तबकडीवर ओरखडा पडला तरी काळजीचे कारण राहत नाही. मूळ फाइलवरून दुसरी तबकडी अर्ध्या तासात लिहून होते आणि आजीच्या ओव्या जेथे थांबल्या होत्या तेथून पुन्हा सुरू होतात.